सेंटओएस ७ वरील जुन्या सर्व्हरवर वेब ॲप्लिकेशन डिप्लॉय करताना येणाऱ्या एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंटओएस ७ ही लिनक्स वितरणाची आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली आणि ३० जून २०२४ रोजी तिचा आधारकाळ (दुरुस्त्या मिळण्याचा काळ) संपला. या दहा वर्षांत संस्थांची संकेतस्थळे, प्रवेशअर्जांची पोर्टले आणि हिशेबाची ॲप्लिकेशने तिच्यावर उभी राहिली, आणि त्यांपैकी अनेक आजही तिथेच चालू आहेत. सर्व्हर बदलण्याचा निर्णय ज्यांच्या हातात नाही, पण नवी आवृत्ती चढवण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्यावर आहे, अशा विकसकांसाठी आणि सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न: चूक आमच्या कोडमध्ये आहे की सर्व्हरमध्ये, हे सर्वप्रथम कसे ओळखावे?

विकसकाच्या संगणकावर जे ॲप्लिकेशन नीट चालते तेच सर्व्हरवर सुरू होताच कोसळत असेल, आणि एररमध्ये आपल्या कोडच्या फाइलींऐवजी एखाद्या सिस्टीम लायब्ररीचे, प्रमाणपत्राचे किंवा आवृत्तिक्रमांकाचे नाव येत असेल, तर बहुतेक वेळा कारण सर्व्हरच्या वयात असते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी सर्व्हरची मूळ सामग्री एका कागदावर लिहून काढावी. सेंटओएस ७ वर ती साधारणपणे अशी असते: कर्नल (प्रणालीचा गाभा) ३.१०, जीलिबसी (मूलभूत सी लायब्ररी) २.१७, ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) १.०.२, जीसीसी (कंपायलर) ४.८.५, सिस्टीमडी (सर्व्हिसेस सुरू करणारी व्यवस्था) २१९, गिट १.८.३, पीएचपी ५.४ आणि मारियाडीबी (डेटाबेस) ५.५. यांतील जीलिबसी २.१७ डिसेंबर २०१२ मधील आहे. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक एररचे मूळ या यादीतल्या कुठल्या ना कुठल्या आकड्यापाशी पोहोचते.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर विसंबू नये. शेवटची ओळ बहुधा 'प्रोसेस बंद पडली' एवढेच सांगते. खरे कारण तिच्या बरेच वर, पहिल्यांदा उमटलेल्या एररमध्ये असते. सर्व्हिस पुन्हा सुरू करून, नेमक्या त्या वेळेपासूनचा जर्नल (सिस्टीमडीचा लॉग) वरून खाली वाचण्याची सवय लावून घेतली, तर अर्धे अंदाज बांधावेच लागत नाहीत.

प्रश्न: यम कोणतेच पॅकेज उतरवत नाही आणि मिररलिस्टचे होस्टनेम सापडत नसल्याचे सांगते. नेटवर्क तर चालू आहे. असे का?

यम हे सेंटओएसवर पॅकेजे बसवणारे साधन असून, ती कोठून घ्यावीत हे त्याला मिररलिस्ट सांगत असे. आधारकाळ संपल्यावर सेंटओएसची मिररलिस्ट सेवाच बंद झाली, त्यामुळे ते होस्टनेम आता कोणालाच सापडणार नाही. त्यासाठी आपल्या डीएनएसमध्ये फेरफार करण्याची गरज नाही. जुनी पॅकेजे प्रकल्पाच्या व्हॉल्ट या संग्रहात ठेवलेली आहेत. यमच्या रिपॉझिटरी फाइलींमधील मिररलिस्टची ओळ निष्क्रिय करून, बेसयूआरएलची ओळ सक्रिय करून तिच्यात व्हॉल्टचा पत्ता घालावा आणि यमचा कॅश रिकामा करावा. ईपीईएल ७ ही पूरक रिपॉझिटरीदेखील फेडोराच्या संग्रहात हलवली गेली असल्याने तिचा पत्ता वेगळा बदलावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. व्हॉल्टमधून पॅकेज मिळू लागले म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरक्षित झाला असे नाही, कारण त्या संग्रहात ३० जून २०२४ नंतरची एकही दुरुस्ती येत नाही.

प्रश्न: नोड १८ किंवा त्यापुढची आवृत्ती बसवली, पण नोड सुरूच होत नाही. 'जीलिबसी २.२७ नॉट फाउंड' असा संदेश येतो. काय करावे?

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम. जीलिबसी ही लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या पायाशी असलेली लायब्ररी होय. एखादा प्रोग्रॅम ज्या संगणकावर कंपाइल होतो, तेथील जीलिबसीची गरज त्याच्या बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत) नोंदली जाते. नव्या जीलिबसीवर जुना प्रोग्रॅम चालतो, परंतु जुन्या जीलिबसीवर नवा प्रोग्रॅम चालत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या नोड १८ पासून अधिकृत बायनरींना किमान जीलिबसी २.२८ लागते, आणि सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे. फाइल पुन्हा डाउनलोड करून किंवा परवानग्या बदलून हे अंतर भरून निघत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारावा की, सर्व्हरवर नोडची खरोखर गरज आहे का? रिॲक्ट किंवा व्ह्यू वापरून केलेला फ्रंटएंड बिल्ड झाल्यानंतर केवळ एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या स्थिर फाइली उरतात. त्या एनजिनएक्स किंवा अपाचे हे वेब सर्व्हर सहज पुरवू शकतात. त्यामुळे बिल्ड दुसऱ्या, नव्या संगणकावर किंवा सीआय प्रणालीत (आपोआप बिल्ड करणाऱ्या व्यवस्थेत) करून तयार फोल्डर तेवढे सर्व्हरवर न्यावे. यात आणखी एक लाभ आहे: कमी मेमरीच्या सर्व्हरवर बिल्ड करताना कर्नल ती प्रोसेस मध्येच संपवतो आणि १३७ हा एक्झिट कोड तेवढा उरतो, तो प्रकारही टळतो.

बॅकएंडच नोडवर असेल तर दोन वाटा उरतात. नोड प्रकल्पाच्या अनधिकृत बिल्डच्या संग्रहात जीलिबसी २.१७ साठी मुद्दाम तयार केलेल्या बायनरी मिळतात. त्या चालतात, परंतु त्यांच्यामागे अधिकृत बायनरींइतकी चाचणी नसते. दुसरी वाट कंटेनरची (ॲप्लिकेशन त्याच्या लायब्ररींसह वेगळे बांधून चालवण्याची), तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. नोड १६ वर परत जाण्याचा सल्ला मात्र कोणालाही देऊ नये, कारण त्या आवृत्तीचा आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजीच संपला आहे.

याच कुळातील आणखी एक चूक म्हणजे लॅपटॉपवरील संपूर्ण नोड मॉड्यूल्सचे फोल्डर जसेच्या तसे सर्व्हरवर नेणे. बीक्रिप्ट किंवा शार्पसारख्या पॅकेजांमध्ये कंपाइल केलेल्या फाइली असतात. त्या उबंटूवरून आणल्या तर जीलिबसीची तक्रार येऊ शकते, आणि मॅकवरून आणल्या तर 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' असा संदेश येतो.

प्रश्न: मग सर्व्हरवरील जीलिबसीच नवी बसवली तर चालणार नाही का?

कृपया असे करू नये. शेल, यम, एसएसएच आणि फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञादेखील याच लायब्ररीवर चालते. मूळ जागेवरील फाइल बदलताना किंचित जरी विसंगती राहिली, तरी त्या क्षणापासून एकही आज्ञा चालत नाही, नवे लॉगिन होत नाही, आणि सर्व्हर रेस्क्यू डिस्कवरून सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नवी जीलिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये कंपाइल करून एखाद्याच प्रोग्रॅमला तिच्याकडे वळवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण पुढे जो कोणी हा सर्व्हर सांभाळेल, त्याला ती मांडणी उलगडणे अवघड जाते, म्हणून निरुपाय असेल तेव्हाच तिचा विचार करावा.

नवीनच सेवा लिहायची असेल आणि ती जुन्या सर्व्हरवरच ठेवणे भाग असेल, तर सी लायब्ररीवर अवलंबून न राहता बिल्ड केलेली गो भाषेतील बायनरी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. गो १.२४ ला लिनक्स कर्नल ३.२ पुरतो, त्यामुळे ३.१० वर तिला अडचण येत नाही.

प्रश्न: पायथनची पॅकेजे बसवताना पिप कंपायलरच्या शेकडो ओळी ओतते आणि थांबते. इतरत्र तेच पॅकेज क्षणात बसते.

इतरत्र पिप (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) तयार व्हील (आधीच कंपाइल केलेले पॅकेज) उतरवते, तर आपल्या सर्व्हरवर ते मूळ सोर्सवरून कंपाइल करू पाहते. हा फरक दोन कारणांनी पडतो. पहिले म्हणजे पिपच जुने असणे. मेनीलिनक्स २०१४ या प्रकारच्या व्हील १९.३ च्या आधीच्या पिपला ओळखताच येत नाहीत, आणि त्या नेमक्या जीलिबसी २.१७ साठीच असतात. म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील पिप आधी अद्ययावत करून पाहावे. अनेकदा तेवढ्यानेच काम होते. दुसरे कारण म्हणजे त्या पॅकेजने जीलिबसी २.२८ च्या खालच्या प्रणालींसाठी व्हील देणेच थांबवलेले असणे. तेव्हा ज्या जुन्या आवृत्तीची व्हील उपलब्ध आहे ती रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नेमकी लिहावी. जीसीसी ४.८.५ ला सी++१७ येत नाही, आणि क्रिप्टोग्राफी या पॅकेजला ३.४ पासून सोर्स बिल्डसाठी रस्ट कंपायलर लागतो. तेव्हा तेथेच कंपाइल करण्याचा हट्ट फार वेळ खातो.

युआरएललिब३ या पायथनच्या एचटीटीपी लायब्ररीच्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीला ओपनएसएसएल १.१.१ लागते, त्यामुळे १.०.२ वर बांधलेल्या पायथनमध्ये ते इम्पोर्ट होतानाच थांबते. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये दोनच्या खालची आवृत्ती लिहिल्यास ॲप्लिकेशन चालू होते. पायथन ३.१० आणि त्यापुढच्या आवृत्त्या स्वतः कंपाइल करायच्या असतील, तर त्यांनाही ओपनएसएसएल १.१.१ च हवी असते. ती ईपीईएल ७ च्या संग्रहात ओपनएसएसएल११ या वेगळ्या पॅकेजच्या रूपात मिळते, आणि मूळ लायब्ररीला धक्का न लावता शेजारी बसते.

प्रश्न: आमचे ॲप्लिकेशन पेमेंट किंवा एसएमएसच्या एपीआयला जोडू शकत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे दाखवते, पण ब्राउझरमध्ये तेच प्रमाणपत्र वैध दिसते.

ब्राउझर स्वतःची रूट प्रमाणपत्रे (ज्यांच्या आधारे इतर प्रमाणपत्रे पडताळली जातात ती) वापरतो, तर सर्व्हरवरील ॲप्लिकेशन सर्व्हरच्या संचावर अवलंबून असते. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या साखळीत पूर्वी वापरले जाणारे डीएसटी रूट सीए एक्स३ हे प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. ज्या सर्व्हरवर त्यानंतर सीए सर्टिफिकेट्सचे पॅकेज अद्ययावत केले गेले नाही, तेथे आयएसआरजी रूट एक्स१ हे नवे रूट नसण्याची किंवा जुन्याचाच आग्रह धरला जाण्याची शक्यता असते. व्हॉल्टमधून ते पॅकेज अद्ययावत करावे. जावाचा प्रमाणपत्रांचा साठा वेगळा असू शकतो, हे विसरू नये.

संदेश मुदतीचा नसून हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी) अयशस्वी झाल्याचा असेल, तर कारण निराळे असते. टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती ओपनएसएसएलमध्ये १.१.१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१८ पासून आली. समोरच्या सेवेने केवळ टीएलएस १.३ ठेवले असेल, तर १.०.२ ला बोलताच येणार नाही. अशा वेळी नव्या यंत्रणेवरील एखादा प्रॉक्सी मध्ये ठेवता येतो. प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करण्याचा पर्याय कोडमध्ये एका शब्दात लिहिता येतो, पण त्यामुळे नागरिकांची किंवा ग्राहकांची माहिती कोणाच्या हाती जात आहे याची खात्रीच नाहीशी होते. पैशांच्या व्यवहारात तर हे कदापि करू नये.

सर्व्हरचे घड्याळ मागे पडले असेल, तर नुकतेच दिलेले प्रमाणपत्र 'अद्याप वैध नाही' असे ठरते. तेही तपासावे.

प्रश्न: सर्व काही डॉकरमध्ये ठेवले तर जुन्या सर्व्हरचा प्रश्न सुटतो का?

डॉकर हे कंटेनर चालवणारे साधन आहे. त्याने जीलिबसी, ओपनएसएसएल आणि भाषांच्या आवृत्त्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, म्हणून निवड करायची झाल्यास आम्ही याच वाटेला प्राधान्य देऊ. मात्र कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. तो होस्टचाच ३.१० वापरतो, आणि डॉकरही जुने असेल तर अडचणी फार चमत्कारिक रूपात समोर येतात.

जीलिबसी २.३४ पासून नवा थ्रेड निर्माण करताना क्लोन३ ही सिस्टीम कॉल (कर्नलकडे केलेली विनंती) आधी वापरून पाहिली जाते. कर्नलने 'ही कॉल मला माहीत नाही' असे उत्तर दिले, तर लायब्ररी मुकाट्याने जुन्या पद्धतीकडे वळते. परंतु डॉकर २०.१०.१० च्या आधीच्या आवृत्त्यांमधील सेककॉम्प गाळणी (कंटेनरला कोणत्या सिस्टीम कॉल करू द्यायच्या हे ठरवणारी) त्याऐवजी 'परवानगी नाही' असे उत्तर देते, आणि लायब्ररी तेथेच हार मानते. परिणामी उबंटू २२.०४ वर आधारलेली इमेज थ्रेड निर्माण करता न आल्याची किंवा 'ऑपरेशन नॉट परमिटेड'ची तक्रार करते, आणि माणूस फाइलींच्या परवानग्या तपासत बसतो. सेंटओएस ७ च्या स्वतःच्या रिपॉझिटरीत डॉकर १.१३ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रकार इतका सर्रास का आढळतो ते कळते. उपाय म्हणजे डॉकरच्याच रिपॉझिटरीतील नवी आवृत्ती बसवणे. ते जमत नसेल तर डेबियन ११ सारखी, जीलिबसी २.३१ असलेली इमेज निवडावी. सेककॉम्प पूर्णपणे बंद करून कंटेनर चालवण्याचा सल्लाही दिला जातो. तो केवळ निदानापुरता वापरावा.

सर्व्हर सेंटओएस ६ चा असेल, तर कर्नल २.६.३२ मुळे नव्या इमेज 'कर्नल टू ओल्ड' म्हणून सुरूच होत नाहीत. आणि यंत्रच फार जुने असेल, तर रेड हॅट ९ वर आधारलेल्या इमेज प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही२ ला पाठिंबा देत नसल्याचे सांगून थांबतात. यावर नवे यंत्र किंवा वेगळी बेस इमेज एवढेच उपाय आहेत.

प्रश्न: ॲप्लिकेशन पोर्टवर चालू आहे, पण एनजिनएक्स ५०२ दाखवते. स्थिर फाइलींना ४०३ येते. परवानग्या तर ७५५ आहेत.

एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये अपस्ट्रीमला (मागे चालणाऱ्या ॲप्लिकेशनला) जोडताना 'क्रमांक १३, परमिशन डिनाइड' असे दिसत असेल, तर हे काम एसईलिनक्सचे, म्हणजे फाइलींच्या परवानग्यांपलीकडे प्रोसेसवर बंधने घालणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचे आहे. वेब सर्व्हरने इतर पोर्टांशी जोडणी करणे मूळ धोरणात निषिद्ध असते. एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट हे बूलियन कायमस्वरूपी चालू केले की ५०२ जाते. फाइली होम फोल्डरमधून एमव्ही आज्ञेने हलवल्या असतील, तर त्या आपल्यासोबत होम फोल्डरचे लेबल घेऊन येतात. रिस्टोअरकॉन चालवल्यावर लेबल सुधारते आणि ४०३ जाते. एसईलिनक्स कायमचे बंद करण्याची घाई करू नये, कारण दुरुस्त्या न मिळणाऱ्या सर्व्हरवर उरलेल्या मोजक्या संरक्षक भिंतींपैकी ती एक आहे.

प्रश्न: नव्या सर्व्हरवर चालणारी सर्व्हिस फाइल येथे निम्मीच काम करते. लॉगची फाइल तयार होत नाही.

सिस्टीमडी २१९ ला न कळणारे निर्देश तो केवळ एक इशारा नोंदवून सोडून देतो. उदाहरणार्थ, आउटपुट थेट फाइलीच्या शेवटी जोडण्याची सोय २४० व्या आवृत्तीपासून आली. तोवर जर्नलमध्येच लॉग ठेवावा.

प्रश्न: जावाची वॉर फाइल (ॲप्लिकेशनचा एकत्र बांधलेला संच) टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये डिप्लॉय होते, एकही एरर येत नाही, आणि तरीही प्रत्येक पत्त्यावर ४०४ मिळते.

ॲप्लिकेशन स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ३ ऱ्या आवृत्तीवर आहे का ते पाहावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीने जावाएक्सऐवजी जकार्ता ही पॅकेजनावे स्वीकारली. टॉमकॅट ९ आणि त्याआधीच्या आवृत्त्या जावाएक्सच ओळखतात, त्यामुळे त्यांना वॉर फाइलमध्ये सुरू करण्यासारखे काही सापडतच नाही, आणि तक्रार करण्याचेही कारण उरत नाही. येथे टॉमकॅट १०.१ आणि जावा १७ लागते. एरर मुळीच नसताना माणूस सर्वाधिक काळ चाचपडतो, म्हणून हा मुद्दा मुद्दाम नोंदवला आहे.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्शन' असा संदेश मात्र सरळ असतो. त्यातील ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१.

प्रश्न: टर्मिनलमध्ये पीएचपी ७.४ दिसते, पण संकेतस्थळावर दुहेरी प्रश्नचिन्हापाशी पार्स एरर येते.

दुहेरी प्रश्नचिन्हाची (??) सोय पीएचपी ७.० मध्ये आली, म्हणजे संकेतस्थळ अजून ५.४ वरच चालले आहे. टर्मिनलमधील पीएचपी आणि वेब सर्व्हर वापरतो ते एफपीएम (संकेतस्थळासाठी पीएचपी चालवणारी सेवा) किंवा अपाचेचे मॉड्यूल ही स्वतंत्रपणे बसवलेली असतात. ब्राउझरमधून पीएचपी इन्फोचे पान उघडून खरी आवृत्ती पाहावी आणि काम होताच ते पान काढून टाकावे. कंपोझर (पीएचपीची पॅकेजे बसवणारे साधन) चालवताना कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरची पीएचपी आवृत्ती नमूद केली, तर विकसकाच्या नव्या संगणकावरही सर्व्हरला झेपतील अशीच पॅकेजे निवडली जातात.

प्रश्न: डेटाबेस आयात केल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. मजकूर परत मिळेल का?

हे कसे घडले त्यावर उत्तर अवलंबून आहे. मारियाडीबी ५.५ मध्ये कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) न सांगता तयार केलेला टेबल लॅटिन१ मध्ये बनतो. जोडणी यूटीएफ८ ची आणि टेबल लॅटिन१ चा असेल, तर देवनागरी अक्षरांना जागाच नसल्याने त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे साठवली जातात. तो मजकूर गेला. मूळ डंपवरूनच (डेटाबेसच्या निर्यात केलेल्या फाइलीवरूनच) पुन्हा आयात करावी लागते. याउलट जोडणीही लॅटिन१ ची असेल, तर यूटीएफ८ चे बाइट जसेच्या तसे साठतात आणि पडद्यावर युरोपीय अक्षरांच्या विचित्र रांगा उमटतात. असा मजकूर बहुधा वाचवता येतो: स्तंभ आधी बायनरी प्रकारात आणि मग यूटीएफ८ मध्ये बदलावा, अर्थात प्रत घेऊन ठेवल्यावरच.

नावे, पत्ते, जमिनीच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे अर्ज अशा डेटामध्ये एक अक्षर बदलले तरी माणसाची खरी गैरसोय होते. म्हणून आयात केल्यावर जोडाक्षरे असलेल्या काही नोंदी डोळ्यांनी वाचून पाहाव्यात.

मायएसक्यूएल ८ चा डंप ५.५ वर आयात करताना यूटीएफ८एमबी४ ०९०० या कोलेशनची (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांची) ओळख नसल्याचा संदेश येतो. डंपमध्ये त्या जागी यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय लिहिल्यास तो अडथळा दूर होतो. त्यानंतर लारावेलसारख्या फ्रेमवर्कमध्ये की ७६७ बाइटपेक्षा लांब असल्याची एरर येते, कारण २५५ अक्षरांना प्रत्येकी चार बाइट धरले जातात. इंडेक्स असलेल्या स्तंभाची लांबी १९१ ठेवावी. देवनागरीची अक्षरचिन्हे तीन बाइटांत मावतात. चार बाइट इमोजीसाठी लागतात.

प्रश्न: डिस्कमध्ये जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' का येते?

आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद) संपले असतील. जुन्या सेशन फाइली किंवा पूर्वीच्या डिप्लॉयमेंटची नोड मॉड्यूल्स फोल्डरे लाखो लहान फाइलींनी ते भरतात. डीएफ आज्ञेला आयनोडचा पर्याय देऊन पाहावे.

प्रश्न: नव्या सर्व्हरवर जाताना काय सांभाळावे?

त्याच यंत्रावर उन्नती करण्यासाठी अल्मालिनक्स प्रकल्पाचे एलिव्हेट हे साधन आहे. तरीही शक्य असेल तेथे शेजारी नवे यंत्र उभारून त्यावर ॲप्लिकेशन तपासून घ्यावे आणि मगच डीएनएस वळवावे. त्यासाठी टीटीएल (डीएनएसचे उत्तर किती वेळ साठवून ठेवायचे ती मुदत) आदल्या दिवशीच कमी करून ठेवावा. नवव्या पिढीच्या अल्मा किंवा रॉकी लिनक्समध्ये जीलिबसी २.३४ आणि ओपनएसएसएल ३ असते. त्याचे उलटे परिणामही दिसतात. वेबपॅक ४ (फ्रंटएंडचे बिल्ड साधन) वरील जुना प्रकल्प नोड १७ किंवा त्यापुढील आवृत्तीवर 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' म्हणून अडतो, आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या बंद असल्याने नव्या यंत्रावरून सेंटओएस ६ ला एसएसएच जोडणी होत नाही. डेटा आणण्यापुरते एसएचए-१ चे उपधोरण चालू करून काम होताच ते काढून टाकावे.

जुने यंत्र बंद करण्यापूर्वी सर्व वापरकर्त्यांच्या क्रॉनच्या (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी, हाताने बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइली, खासगी कळा (प्रायव्हेट की) आणि फायरवॉलचे नियम काढून घ्यावेत. लॉगही जपावेत: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील सेवा पुरवठादारांना, कंपन्यांना आणि शासकीय संस्थांना ते मागील १८० दिवसांचे ठेवावे लागतात, आणि घड्याळही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी (वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी) जुळवलेले असावे लागते. नव्या यंत्रावर क्रॉनची कामे सुरू करताना जुन्या यंत्रावरची त्याच वेळी थांबवावीत, नाहीतर एकाच ग्राहकाला देयकाची सूचना दोनदा जाते.